इखलासच्या जागेवरचा डबा

मित्रांनो, मला उचलण्याआधी माझं नाव वाचा. पोटावर, गंजाच्या डागाच्या जरा वर, काळ्या रंगात ते लिहिलेलं आहे: इखलास. हे बाईचं नाव आहे आणि मी तर तेलाचा जुना, पत्र्याचा डबा. तरी नाव माझंच आहे. ओमदुर्मान शहरातल्या ज्या मोहल्ल्यात मी राहतो तिथे भांडं आणि माणूस वेगळं मानत नाहीत. निदान रांगेत तरी नाही.

माझा जन्म फार दूरचा. एका कारखान्यात माझ्या कडा जोडल्या गेल्या, आत पिवळं तेल भरलं आणि अंगावर छापलं की ही परक्या देशातल्या लोकांनी पाठवलेली भेट आहे, विकायची नाही. त्या अक्षरांचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. सहा जणांच्या खोक्यात बसून मी जहाजातून आलो, मग ट्रकमधून. बंदरापासून इथवर यायला सात आठवडे लागले. नाक्यानाक्यावर ट्रक थांबायचा, बंदूकवाले वर चढायचे, काही खोकी खाली उतरायची आणि पुन्हा वर यायची नाहीत. आमच्या खोक्यातले दोघं असेच उतरले. त्यांचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. पुढे मला बऱ्याच जणांबद्दल असंच म्हणावं लागलं.

मी इखलासच्या घरी आलो. ती शाळेत भूगोल शिकवायची. लढाई शहरात शिरल्यापासून शाळा बंद होती. तिला सहा वर्षांची जवाहिर आणि तान्हा हमद अशी दोन मुलं. काडीला कापूस गुंडाळून ती किसराच्या, म्हणजे ज्वारीच्या पातळ भाकरीच्या, तव्याला तेल नुसतं पुसायची. असं करत तिनं मला दोन महिने पुरवलं. मी रिकामा झालो तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मुआवियानं, छिन्नीनं माझं तोंड कापलं, कडा आत दुमडली आणि तारेची कडी बसवली.

"झाला बघ," तो म्हणाला.

इखलासनं कडेवरून बोट फिरवलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी थांबली. "इथे टोचतंय."

"अगं, मला तर काही लागत नाही."

"तुझी बोटं दगडाची आहेत. हमद रांगायला लागलाय, तो आधी यातच हात घालणार. परत ठोक."

त्यानं परत ठोकलं. आजही माझ्या कडेवर ती एक जागा इतरांपेक्षा चपटी आहे. पुढच्याच आठवड्यात मुआविया पुलापलीकडे राहणाऱ्या आपल्या आईला आणायला गेला आणि आला नाही.

मोहल्ल्याची चूल होती बंद शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाच्या झाडाखाली. तीन मोठी पातेली. ती चूल चालवायची हाज्जा बतूल, एक उंच, कडक म्हातारी. तिच्या ओगराळ्यातून मसुरीचा एक दाणा कधी खाली सांडला नाही. समुद्रापलीकडून एका मदतसंस्थेकडे पैसे यायचे, संस्था मसूर आणि ज्वारीचं पीठ पाठवायची, बाकी सगळं मोहल्ल्याचं. लाकूड संपलं तेव्हा शाळेचे बाक जाळले. इखलासनं आधी बाकांवर कोरलेली मुलांची नावं एकेक करून वाचली आणि मग स्वतःच ते बाक ओढत चुलीपाशी नेऊन दिले.

सुरुवातीला माणसंच रांगेत उभी राहायची. एका सकाळी रांगेवर तोफेचा गोळा पडला. त्या सकाळबद्दल मी इतकंच सांगेन, की नंतर पटांगण धुवायला पाणी नव्हतं, म्हणून वाळू टाकली.

त्या दिवसापासून उघड्यावर भांडी उभी राहू लागली आणि माणसं जाड भिंतीमागे. रांगेची व्यवस्था तिजानीकाकांकडे होती. ते रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात. एक शिट्टी म्हणजे रांग पुढे, दोन म्हणजे पळा. त्यांनी प्रत्येक भांड्यावर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव रंगवलं आणि घरात तोंडं किती, तेही एका वहीत मांडलं. एका तोंडाला एक ओगराळं. सकाळी ते नावं पुकारायचे आणि भिंतीमागून "हजर" असा आवाज आला की भांडं हातानं उचलून पुढे ठेवायचे. पाय लावायची कुणाला परवानगी नव्हती. पायानं माणसाला ढकलतात का?

"मुबारक!"

"हजर!"

"हजर काय, हजर? हा हंडा बघा! यात सगळं वऱ्हाड जेवेल. तुझ्या घरात तोंडं चार, मुबारक, माझ्या वहीत आहे."

"काका, छोटं भांडं जळून गेलं हो."

"सदतीस वर्षं गाडीत हेच ऐकलं. तिकीट नेहमी दुसऱ्या खिशातच असतं."

"तिजानी," चुलीपासून हाज्जा ओरडायची, "शिट्टी फुंकतोस तेवढी ही चूल फुंक की जरा. धूर माझ्या डोळ्यात जातोय आणि गाडी तुझी चालली आहे!"

भिंतीमागे सगळे हसायचे. मला ते हसणं फार आवडायचं. रिकाम्या पोटातून आलेलं हसणं पत्र्यावर वेगळंच वाजतं.

आता तुम्हाला आमच्या मोहल्ल्यानं केलेली चूक सांगतो. तिला चूक म्हणावं की नाही, यावर मी अजूनही विचार करतो.

भांड्यांची रांग लागल्यानंतर मोहल्ल्यात सगळ्यात आधी गेले आदम उस्ताद. आजारानंच गेले. त्यांची निळ्या फुलांची एनॅमलची वाटी त्या सकाळी रांगेत होती. ती काढायला कुणाचा हात पुढे होईना. इथे गेलेल्या माणसाच्या नावानं चाळीस दिवस अन्न वाटायची रीत आहे, पण वाटायला घरात काय होतं? तेव्हा हाज्जा म्हणाली, "वाटी राहू दे रांगेत. चाळीस दिवस एक ओगराळं घालेन. भिंतीजवळ जे मूल असेल, त्याला द्या. उस्तादचा घास म्हणा."

चाळीस दिवस झाले, पण एकेचाळिसाव्या दिवशीही हाज्जाचं ओगराळं त्या वाटीपाशी थांबलं आणि रिकामं होऊनच पुढे सरकलं. मग दुसरं भांडं तसंच राहिलं, मग तिसरं. एका हिवाळ्यात अशी बावीस भांडी झाली. तिजानीकाका त्यांचीही नावं पुकारायचे. भिंतीमागून ज्या मुलाची त्या घासाची पाळी असेल, ते उत्तर द्यायचं, "हजर". हळूहळू मुलं त्या माणसांच्या ढंगात उत्तर द्यायला लागली. आदम उस्तादांसारखं खोकून, कुणी नाकातून, कुणी शेवटचं अक्षर ओढून. डोळे मिटले असते तर वाटलं असतं की सगळे अजून भिंतीमागेच आहेत. मला मिटायला पापण्या नाहीत, मित्रांनो. तरी मला तसंच वाटायचं.

आणि तेविसावा मी.

हमदला जुलाब सुरू झाले होते. इखलास दोन दिवस झोपली नव्हती. त्याच्या तोंडात बोट घालून जीभ ओली आहे का ते बघायची, पोटावरची कातडी चिमटीत धरून ती परत किती वेळात बसते ते मोजायची. त्या सकाळी तिनं मला रांगेत ठेवलं, हमदला जवाहिरच्या मांडीवर दिलं आणि अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

"बाजारापलीकडच्या दवाखान्यात साखर-मिठाच्या पुड्या आल्यात म्हणे. आत्ता येते. तू भिंतीच्या बाहेर यायचं नाहीस."

"आणि काकांनी नाव पुकारलं तर?"

"तू म्हण हजर."

"पण नाव तर तुझं आहे."

"मग माझ्यासारखं म्हण," इखलास हसून म्हणाली. जाताना तिनं माझी कडी सरळ केली. उगीचच. कडी सरळच होती.

दुपारी बाजाराच्या बाजूनं गोळीबाराचे आवाज आले. पुड्या आल्या नाहीत, इखलासही आली नाही. हमद कसाबसा तगला, हाज्जानं ज्वारीच्या पेजेचं पाणी थेंबथेंब पाजलं म्हणून. दोन्ही मुलं तिनं आपल्याकडे झोपायला नेली. तिजानीकाकांनी तीन दिवस चौकशी केली. कुणी म्हणालं, बंदूकवाल्यांच्या ट्रकमध्ये बसताना दिसली. कुणी म्हणालं, बसवली. तिजानीकाकांनी शिट्टी मुठीत दाबून धरली आणि पुढचं ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी मोहल्ल्यातली एक बाई जवाहिरला जवळ घेऊन म्हणाली, "लेकी, आईच्या नावाचा घास वाटायला हवा आता."

"का?" जवाहिर म्हणाली. "ती पुड्या आणायला गेलीय."

आणि नाव पुकारल्यावर तिनं हनुवटी वर करून, शब्द जरा तोडून, अगदी इखलाससारखं म्हटलं, "हजर." हाज्जानं मोजून तीन ओगराळी माझ्यात घातली. दोन मुलांची, आणि तिसरं इखलासचं. वहीत इखलासच्या घरी तोंडं तीनच होती.

म्हणून मी ना जिवंतांत, ना गेलेल्यांत. रांगेत मात्र होतो.

मग समुद्रापलीकडचे पैसे आटू लागले. तिसरं पातेलं आधी उपडं झालं. ते कुणी मुद्दाम उपडं केलं नाही, त्यात घालायलाच काही आलं नाही. मग संस्थेनं सगळ्या चुलींकडून याद्या मागवल्या. तिजानीकाकांनी इमानदारीत वही उतरवून पाठवली. जी भांडी भरली जात होती, ती सगळी: एकशे त्रेसष्ट. त्यांना वाटलं, भरतो ते लिहायचं. रेल्वेत तसंच असतं, डबा जोडला की मोजायचा, आत कुणी बसलं आहे की नाही हे नंतर.

महिन्याभरात निरोप आला. यादीत मेलेल्या माणसांची नावं आढळली आहेत. संशय आहे. तपासणी होईपर्यंत धान्य थांबवलं जात आहे.

अकरा दिवस चूल पेटली नाही. मुलं रांगेत तरी भांडी ठेवायची. पटांगणात एकशे त्रेसष्ट भांडी आणि कुठे धूर नाही. कडुनिंबाचा पाला वाऱ्यानं आमच्यात पडायचा आणि चिमण्या येऊन आत डोकवायच्या. त्या दिवसांत हमद रडायचा थांबला. रडणारं मूल परवडतं, मित्रांनो. गप्प झालेलं मूल बघून हाज्जा तासातासाला त्याच्या नाकापुढे बोट धरायची.

बाराव्या दिवशी संस्थेचा माणूस आला. मुज्तबा नाव, पाटीसारखा चपटा फोन हातात, चेहऱ्यावर लाज.

"हाज्जा, माझ्यावर चिडू नका. माझी आईपण अशाच एका रांगेत आहे, दुसऱ्या मोहल्ल्यात."

"चिडत नाही, बाबा. बस. चहा नाही, सावली आहे. काय विचारायचं ते विचार."

"नाव वाचणार. माणूस समोर येणार. आला तर खूण, नाही आला तर खोडणार."

"आणि मुलं?"

"यादी मोठ्या माणसाच्या नावावर आहे. मोठं माणूस हवं."

"मग ही दोन पोरं माझ्या नावाखाली घे," हाज्जानं जवाहिरला पुढे केलं. तिच्या काखेत हमद होता, मान तिच्या खांद्यावर टाकलेली.

मुज्तबानं फोन हाज्जापुढे धरला, जणू तिला वाचता येणार होतं. "यात नवीन काही चढत नाही, हाज्जा. तोंडं वाढवता येत नाहीत. वरून बंद केलंय. फक्त खोडता येतं."

"हे कुठलं यंत्र रे, ज्याला नुसतं खोडता येतं?"

"एकट्या पोरांसाठी वेगळा विभाग होता."

"होता?"

"गेल्या महिन्यात बंद झाला. तिकडचेही पैसे संपले."

भिंतीमागे सगळ्यांना कळलं की आता काय ठरायचं आहे. इखलासचं नाव खोडलं तर तीन ओगराळी जातील, आणि अकरा दिवसांनंतर हमदच्या अंगात दुसरे अकरा दिवस काढायची ताकद नव्हती.

तिजानीकाकांनी नावं वाचली. माणसं एकेक करून भिंतीमागून बाहेर उन्हात आली. किती दिवसांनी मी त्यांना भांड्यांशेजारी उभी राहिलेली पाहत होतो! मुबारक आपल्या हंड्याजवळ उभा राहून म्हणाला, "घ्या, आज तिकीट दाखवतो," पण कुणी हसलं नाही. आदम उस्तादांचं नाव आलं. एका मुलाच्या तोंडून सवयीनं खोकला निघाला आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड हातानं दाबलं. मुज्तबानं खोडलं. तिजानीकाकांनी निळ्या फुलांची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीकडेला ठेवली. अशी बावीस भांडी त्यांनी उचलली. शेवटी शेवटी ते प्रत्येक भांड्याशी कानात काहीतरी बोलत होते.

"इखलास."

जवाहिर पुढे आली, हनुवटी वर केली. "हजर."

मुज्तबा तिच्यापुढे उकिडवा बसला. "बेटा, इखलास कोण?"

"माझी आई."

"कुठे आहे?"

"पुड्या आणायला गेलीय. आत्ता येते."

"कधी गेली?"

जवाहिरनं वाकून माझी कडी सरळ केली. मुज्तबाचं बोट फोनवर, खोडायच्या जागेवर होतं. ते खाली जात नव्हतं आणि उचललंही जात नव्हतं.

तेव्हा चुलीपासून ओगराळं खाली ठेवल्याचा आवाज आला. हाज्जा बतूल पदराला हात पुसत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली, ताठ.

"हजर," ती म्हणाली.

"हाज्जा..."

"इखलास म्हणालास ना? मी इखलास. मोठं माणूस पाहिजे म्हणालास, हे मोठं माणूस. यापेक्षा मोठं या मोहल्ल्यात कुणी नाही. कर खूण."

"तुमचं नाव यादीत आहे. शेवटी आहे. हाज्जा बतूल. एका माणसाला दोन नावं नाही घेता येत."

"बतूल गेली," हाज्जा म्हणाली. "तिचं खोड. खोडता येतं ना तुझ्या यंत्राला?"

"हाज्जा, तुमचा घास जाईल."

"मी चुलीपाशी असते रे. मीठ बघायला जीभ लावते, तेवढ्यानं भरतं माझं. आणि उशीर करू नकोस, ते पोर बघ कसं बघतंय."

ते खोटं होतं, सगळ्यांना माहीत होतं. ज्या खऱ्या यादीनं चूल विझली होती तिच्यापुढे हे एवढंसं खोटं पटांगणात उभं होतं आणि कुणी त्याला खोटं म्हणत नव्हतं. मुज्तबानं एक खूण केली, एक खोडलं. तिजानीकाकांनी हाज्जाची पांढरी वाटी उचलली. जिवंत माणसाची वाटी गेलेल्यांच्या भिंतीकडेला ठेवताना त्यांच्या हाताला जागाच सापडेना.

"नीट ठेव," हाज्जा म्हणाली. "उस्तादांच्या शेजारी नको, फार खोकायचे."

दोन महिने धान्य आलं. एकशे चाळीस भांड्यांपुरतं. माझ्यात तीन ओगराळी पडायची. इखलासचं तिसरं हाज्जा मुलांतच वाटायची आणि जवाहिर न चुकता त्यातला अर्धा घास कडेला ठेवायची, आईसाठी. हमद पुन्हा रडायला लागला. त्या दिवशी हाज्जा चुलीपाशी तोंड फिरवून खूप वेळ हसली.

मग समुद्रापलीकडून काहीच आलं नाही. संशय नाही, तपासणी नाही, निरोपही नाही. मुज्तबाच्या कचेरीला कुलूप लागलं. परदेशी गेलेल्या मोहल्ल्यातल्या लोकांनी पोती पाठवली, त्यावर एक पातेलं चाललं. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग तेही थांबलं. कोरड्या थंडीत हाज्जा बतूल गेली. धुताना बायका म्हणाल्या, अंगात काही उरलंच नव्हतं, तोबच जड होता.

तिची वाटी आधीच भिंतीकडेला होती. पण चाळीस दिवसांत एकदाही तिच्यात ओगराळं पडलं नाही, चूलच नव्हती. चाळिसाव्या दिवशी जवाहिरनं शेजारणीनं दिलेल्या किसराचा एक तुकडा मोडला, हाज्जाच्या पांढऱ्या वाटीत ठेवला, वाटी हमदपुढे धरली आणि म्हणाली, "हाज्जाचा घास." मी शेजारीच होतो. माझ्यात कडुनिंबाची दोन पानं होती.

मित्रांनो, माझ्या अंगावरची भेट-भेट म्हणणारी अक्षरं आता पुसट झाली आहेत. मी तेलही विसरलो. तुमच्यापैकी कुणी मोठं होईल आणि कुठल्यातरी दूरच्या खोलीत बसून अशा याद्या वाचेल. एखाद्या नावासमोर माणूस नाही असं दिसलं, तर खोडण्याआधी एवढंच करा: भिंतीमागे जाऊन बघा, उत्तर कोण देतंय. आणि पैसे थांबवायचे ठरलं, तर ज्या सकाळी थांबवाल त्याच सकाळी कुणीतरी भांडं रांगेत ठेवून आत बसलेलं असतं, हे ध्यानात असू द्या.

तिजानीकाका अजून रोज येतात. चूल थंड असते, तरी शिट्टी एकदा वाजते. ते सगळी नावं पुकारतात, खोडलेलीसुद्धा. भिंतीमागून मुलं खोकून, नाकातून, ओढून उत्तर देतात. हमदला आता बोलता येऊ लागलं आहे. तो अजून आई म्हणत नाही, त्याला पहिला शब्द दुसराच आला. "हाज्जा बतूल," असं पुकारलं की तो बहिणीच्या मांडीवरून ताठ होऊन म्हणतो, "हजल."

मग माझं नाव येतं. काका जरा थांबतात. जवाहिर हनुवटी वर करते, आणि दर सकाळी एका क्षणापुरतं मला वाटतं की आज आवाज बाजाराच्या बाजूनं येईल.